फळीवरची शेळी

ठकुबाईसमोर ‘पोरीला काही कळत नाही’ असं कुणी म्हटलं, की त्या माणसाची धडगत नसे. मग तो कुणी पंच असो नाहीतर शेजारची बनाबाई. “तुला तरी किती कळतं?” असं तोंडावर विचारून ती मोकळी व्हायची आणि वर दोन दिवस त्या माणसाच्या दारावरून जाताना मान वळवायची.

पोर म्हणजे रतन. ठकुबाईच्या धाकट्या भावाची, बाजीरावाची, पाच वर्षांची लेक. जन्मापासून पोरीचं अंग ताठ. हात इकडं न्यावा म्हटलं तर जायचा तिकडं, मान सावरायचीसुद्धा मारामार, आणि वाचा तर नव्हतीच. तोंडातून निघायचा तो एक लांब सूर. भूक, तहान, राग, हसू सगळं त्या एकाच सुरात कालवलेलं.

बाजीराव सरकारी रस्त्यावरच्या गँगमध्ये खडी-मुरुमाच्या कामावर. त्याची बायको फुलाबाई दुसऱ्याच्या वावरात. मग घरी उरली कोण, तर ठकुबाई. ऐन पंचविशीत नवरा गेला तशी ती भावाच्या गावी, पालीत, त्याच्या आसऱ्याला आली होती, त्याला वीस-बावीस वर्षं झाली. स्वतःचं मूल नाही. रतनचं न्हाणं-धुणं, भरवणं, कुशीवर वळवणं सगळं तिच्याकडं, आणि त्यात दुसऱ्या कुणी हात घातलेला तिला खपत नसे. खुद्द फुलाबाई पोरीला भरवायला बसली तरी ही बाजूला उभी राहून शिकवणार, “वाईच बारीक कुस्कर. नरड्यात अडकंल.” आता आईला हे शिकवायचं असतं होय? पण फुलाबाई शहाणी. वन्संच्या तोंडाला लागण्यात शहाणपण नाही, हे तिला पहिल्याच वर्षी कळलं होतं.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. आषाढ लागला, भातलावणीची झुंबड उडाली, आणि रतन ओरडायला लागली.

हा तिचा नेहमीचा सूर नव्हता. घसा फाटेस्तोवर किंकाळी. आडवं केलं की जास्तच. ओव्याचं पाणी झालं, बेंबीत हिंग झाला, पोटाला शेक झाला. बाजारच्या गावी एका डॉक्टरला दाखवलं, त्यानं झोपेचं औषध दिलं आणि ‘अशी मुलं ओरडायचीच’ म्हणून सांगितलं. बनाबाई कुठल्याशा देवऋषाचा अंगारा घेऊन आली तेव्हा बाजीरावानं तिला उंबऱ्यावरच थांबवलं. “आमी दीक्षा घेतल्याली माणसं हाओत. आमच्या दारात अंगारा आणू नगा.” बनाबाई फणकाऱ्यानं गेली. अंगारा गेला, पण ओरडणं राहिलंच.

दहाव्या दिवशी बाजीराव कामावरून आला तो खिशात कागद घेऊन.

“आक्का, सायबानं चिठ्ठी दिलीया,” तो खाली बघत म्हणाला. “पुण्यात संस्था हाय. आशी पोरं ठेवून घेत्यात. सोमवारी सकाळच्या यष्टीनं न्यायची.”

“किती दिसांसाटनं?”

बाजीरावानं कागद पुन्हा घडी घालून खिशात ठेवला.

“ठेवून घेत्यात म्हंजी? पोर हाय का गहाण टाकायचं भांडं? तिला समजतं सगळं. तिथं तिला कोण वळखणार?”

“तुला वाटतं समजतं. मलाबी पाच वर्सं वाटत हुतं.” बाजीरावाचा आवाज चढला नाही, आणि तेच वाईट होतं. “पर आता ती निस्ती वराडती. काय हुतंय ते तिला सांगता येईना, आपल्याला कळंना. मग हितं ठिवून तिचं हाल का करायचं?”

तोंडाचा पट्टा ही ठकुबाईची ख्याती. पण तेव्हा ती वाद सोडून पोरीची वाकळ सारखी करायला लागली. कारण खरं सांगायचं तर गेले दोन दिवस तिच्याही मनात पाल चुकचुकत होती. तिला समजत असतं, तर आपल्या हाताखाली वाढलेली पोर आपल्यालाही काही सांगेना कशी? हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी बुधवार. बनाबाईची सून बाळंत झाली होती, तिला बघायला वेल्ह्याहून नर्सबाई आली. सौदामिनी तिचं नाव, भोर गावातली, वय असेल पंचवीस. ठकुबाईला ती आवडत नसे. उकळून पाणी प्या, नखं कापा, असं कालची पोर येऊन म्हाताऱ्यांना सांगते म्हणजे काय? पण ओरडणं ऐकून नर्सबाई न बोलावता आत आली, ओला पदर पिळून थेट रतनजवळ बसली. ताप बघितला, पोट दाबलं. अंग असं ताठलं होतं की मान काही वळवू देईना.

“आत्याबाई, हिला हो म्हणायचं असलं की ही काय करते?”

“काय म्हणणार? वाचा कुठंय तिला?”

“वाचा नाही हो. भाकर देऊ का म्हटलं आणि तिला हवी असली, तर?”

“तर आढ्याकडं बघती.”

“आणि नको असली?”

“डोळं गच्च मिटती. आंघुळीचं पाणी काढलं की बघा, आसं मिटती...” ठकुबाई बोलता बोलता थांबली.

“मग बोलते की ती,” नर्सबाई म्हणाली. “हो आहे, नाही आहे. आता फक्त शब्द द्यायचेत तिला.”

मग तिनं सांगितलं, की पुण्याच्या दवाखान्यात ती शिकत होती तेव्हा अर्धांगवायूचा एक पेशंट होता, वाचा गेलेला. त्याच्या बायकोनं एका पुठ्ठ्यावर चित्रं चिकटवली होती. पाणी, चादर, मुलगा. तो बोट ठेवी आणि बायको ओळखी. “आपण रतनसाठी करू तसं. उद्या आणते मी.”

आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी ती पुठ्ठा घेऊन आली. जुन्या कॅलेंडरातली नाहीतर मासिकातली चित्रं कापून खळीनं नीट चिकटवलेली. पाण्यासाठी नळ. जेवणासाठी टेबलावर मांडलेल्या बशा. आई म्हणून नायलॉनची साडी नेसलेली, ओठ रंगवलेली एक गोरी बाई. नर्सबाई पुठ्ठा धरून बसली, एकेक चित्र दाखवून गोड आवाजात बोलली. रतननं त्याच्याकडं ढुंकून बघितलं नाही.

ठकुबाई मात्र हसली. बारा दिवसांत पहिल्यांदा.

“बाई, रागाला येऊ नगा. पर ह्यो नळ पालीत बघितलाय कुणी? आन् ही आय? आमच्या फुलानं जल्मात आसली साडी बघितली न्हाई. पोरगी वळखील कशी?”

नर्सबाईचा चेहरा पडला. मग तीही हसली. “चुकलंच माझं. मग तुम्ही काढाल?”

आता ही गोष्ट नर्सबाईला ठाऊक असायचं कारण नव्हतं. लग्नाआधी आणि नंतरची सहा वर्षं ठकुबाईचा हात पंचक्रोशीत नावाजलेला होता. लग्नघराच्या भिंतीवर गेरू-चुन्यानं मोर, तुळशी, वरात काढायला तिला लांबलांबून बोलावणं यायचं. नवरा गेला आणि बोलावणी थांबली. लग्नघरात विधवेचा हात कशाला? धर्म बदलला तरी जुन्या खोडी काय एका दिवसात जातात? तेव्हापासून तिनं कोळसा हातात धरला नव्हता तो चुलीपुरता सोडून.

“काडते की,” ती म्हणाली, जणू रोजच काढत होती.

साबणाच्या खोक्याची एक रुंद फळी होती. तिला चुन्याचा हात मारला, वाळवली, आणि ठकुबाई कोळसा-गेरू घेऊन बसली. पाण्याला घरचा पोचा आलेला तांब्या. भाकरी, वरचा पापुद्रा फुगलेला. आय म्हणजे डोक्यावर पावसाचं इरलं घेतलेली फुलाबाई. घराला तीन दगडांची चूल. रतनला दाराशी बसवलं की रस्त्यावरून जाताना दिसायची ती लाल यष्टी. नर्सबाई बघतच राहिली.

“आता एकच राहिलं,” ती म्हणाली. “दुखतंय. एक रडका चेहरा काढा, डोळ्यांत पाणी. हे सगळ्यांत महत्त्वाचं आहे.”

“आसलं काय काडायचं न्हाई.”

“का?”

“घरात दुखणं काडून टांगायचं? लगीनघरात कुणी रडकं त्वांड काडतं व्हय? वाईट काडलं की वाईट चिकटतं. म्या तर तिच्याम्होरं त्या शब्दाचं नावबी घेत न्हाई.” नर्सबाईनं दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा ठकुबाईच्या नाकाचा शेंडा लाल झाला. “त्या जागी म्या शेळी काडते. पोरीला करमंल.”

आणि शेळी अशी उतरली की विचारू नका. लांब कान, कपाळावरचा पांढरा ठिपका, जाड पोट, तिरपी नजर. घरचीच शेळी, ठकुबाईची लाडकी. पावसाचे दिवस म्हणून ती घरातच बांधलेली असायची, आणि आषाढ लागल्यापासून तर रतनच्या वाकळेला लागूनच. शेळीची ऊब लागली की आखडलेल्या नसा मोकळ्या होतात, असं ठकुबाईच्या आईनं सांगितलेलं. नर्सबाईला हे कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं पुन्हा साबण-पाण्यावर भाषण दिलं असतं.

“तिचा हात ओढायचा नाही,” नर्सबाई जाताना म्हणाली. “आपण चित्रावर हात ठेवायचा, नाव सांगायचं, ती वस्तू द्यायची. मग विचारायचं आणि दहा मोजेपर्यंत गप्प बसायचं. तिच्या हाताला वेळ लागतो.”

दहा मोजेपर्यंत गप्प बसणं ठकुबाईला किती जड गेलं असेल, ते ज्यानं तिला पाहिलंय त्यालाच कळेल. चारपर्यंत आली की जीभ वळवळायची. तरी तिनं केलं. किंकाळ्यांच्या मधल्या वेळात, पोर दमून गप्प व्हायची तेव्हा, फळी पुढं धरायची. तांब्या, पाणी, घोट. तांब्या, पाणी, घोट.

शुक्रवारी सकाळी ठकुबाई मोजत सात-आठपर्यंत आली असेल. रतनची डावी मूठ उठली, हवेत भरकटली, वाकळेवर आपटली, पुन्हा उठली, आणि धप्पकन तांब्यावर पडली.

“पाणी?” ठकुबाईनं विचारलं.

रतननं आढ्याकडं बघितलं.

पाणी पाजताना निम्मं पोरीच्या गळ्यावर सांडलं. दुपारी फुलाबाई भाकर खायला घरी आली तर दारातच तिनं बघितलं, की लेकीची मूठ इरलं घेतलेल्या आयवर पडलीय आणि लेक आपल्याकडं टक लावून बघतीय. फुलाबाई इरल्यासकट उंबऱ्यात खाली बसली आणि रडली. पाच वर्षांत पोरीनं तिला पहिल्यांदा हाक मारली होती.

इथंच गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं. पण फळीवर शेळी होती ना.

दुपारनंतर रतननं फळीवरची शेळी धरली. धप्प, शेळीवर. पुन्हा धप्प. ठकुबाईला अस्मान ठेंगणं झालं. तांब्या काय, भाकर काय, पोटाची गरज. पण पोरगी शेळी मागते म्हणजे चित्रच तसं उतरलंय. वीस वर्षांनी कुणीतरी तिच्या हाताला दाद दिली होती, आणि ती दाद ठकुबाईच्या डोक्यात गेली. तिनं दावं सोडून शेळी पोरीच्या अगदी उशाशी आणली. “घे गं माजी बाय. ही बघ तुजी शेळी.”

रतननं डोळे गच्च मिटले आणि किंचाळली.

पण ठकुबाई डोळ्यांकडं बघत होती कुठं? ती शेळीकडं बघत होती. तिला वाटलं अजून जवळ हवी. शनिवारी दिवसभर हेच. पोर शेळीवर मूठ आपटायची, ठकुबाई शेळी हातभर पुढं सरकवायची, पोर बेंबीच्या देठापासून ओरडायची. विचारायचं ते राहूनच गेलं. उत्तर आपल्याला ठाऊक आहे असं वाटलं, की माणूस विचारतं कशाला?

संध्याकाळी बाजीराव आला, दारात उभा राहून सगळं बघितलं आणि पागोटं काढून खुंटीला लावलं.

“आक्का, फळीनं काय झालं सांग. आदी निस्ती वराडत हुती. आता चित्र दावून वराडती.”

फुलाबाईनं रतनचे दोन फ्रॉक घडी करून पिशवीत भरले. ते बघवेना म्हणून ठकुबाई परसात जाऊन उगीच भांडी घासत बसली. आपणच खुळे, असं तिला वाटलं. पाणी, आय हा सगळा योगायोग. मूठ आपटत होती, पडली तिथं पडली. उद्याचा एक दिवस, मग सोमवार.

रविवारी बाजीराव सकाळीच बाहेर पडला, ओढ्याला पाणी किती आहे आणि सोमवारची यष्टी येणार का ते विचारायला. फुलाबाई बांधावर. आणि भर पावसात, सुट्टीच्या दिवशी, वेल्ह्याहून नर्सबाई आली. चपला हातात, पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले. बनाबाईच्या कुत्र्याच्या नावानं चाललेली बडबड तशीच चालू ठेवत ठकुबाईनं तिला पाय धुवायला पाणी दिलं. एरवी दिलं नसतं.

“दाखवते का काही?”

“शुक्रवारी दोनदा दावलं. आता निस्ती शेळीवर मूठ.”

“मग तुम्ही काय करता?”

“शेळी आणून देते की जवळ.”

“मग?”

“वराडती.”

“आणि डोळे?”

ठकुबाईनं आठवून बघितलं. तिच्या डोळ्यांपुढं शेळीच आली, पोरीचे डोळे येईनात. मग आले. “मिटती,” ती हळूच म्हणाली. “पर नगं आसंल तर दावती कशाला? कुणी नगं ती वस्तू मागतं का?”

नर्सबाई जरा विचारात पडली. “आत्याबाई, मघाशी मी आले तेव्हा तुम्ही बनाबाईच्या कुत्र्याचं बोलत होतात. तुम्हाला ते कुत्रं हवंय का?”

“मला कशापायी हवं मेलं? कोंबडी धरली त्यानं माजी. म्या गाऱ्हाणं...”

शब्द तोंडातच राहिला. ठकुबाई रतनकडं वळली. पोर दमून पडली होती, ओठ कोरडे, केस घामानं चिकटलेले. ठकुबाई तिच्यापुढं मांडी घालून बसली आणि या वेळी डोळ्यांकडं बघत बसली.

“रतन. शेळी पायजे?”

डोळे गच्च मिटले.

“शेळी नगं?”

बुबुळं आढ्याला लागली. लागली ती तिथंच राहिली, कुणीतरी आता तरी बघावं म्हणून.

“काय केलं गं शेळीनं? शिंग मारलं?” मिटले. “वाकळ खाल्ली?” मिटले. ठकुबाईनं नर्सबाईकडं बघितलं. नर्सबाई काही बोलली नाही, आणि हे तिचं मोठं शहाणपण. बोलायची गरजच नव्हती. ठकुबाई उठली, चुलीतून विझका कोळसा घेऊन आली. शेळीच्या पायाशी वीतभर जागा मोकळी होती. तिथं तिनं एक गोल काढला, उघडं तोंड काढलं आणि डोळ्यांखाली दोन रेघा ओढल्या. आयुष्यात पहिल्यांदा तिनं रडकं तोंड काढलं.

“दुखतंय,” ती म्हणाली. पाच वर्षांत हा शब्द तिनं पोरीसमोर कधी उच्चारला नव्हता.

कोळसा उचलायच्या आत रतनची मूठ आली. रडक्या तोंडावर. मग घसटत वर, शेळीवर. मग पुन्हा रडक्या तोंडावर. तोंड निम्मं पुसलं गेलं तरी ती मूठ थांबेना.

“शेळीमुळं दुखतंय? कुठं गं बाय? पोट?” मिटले. “पाय?” मिटले. “डोस्कं?” डोळे अर्धवट, ना वर ना खाली. ठकुबाईनं हळूच तिच्या डाव्या कानाला बोट लावलं. रतनच्या तोंडून हुंदका फुटला, पण डोळे तिनं वर नेले आणि वरच ठेवले.

नर्सबाईनं पिशवीतून बॅटरी काढली. ठकुबाईनं पोरीची मान धरली, अशी धरली की पोर ताठली तरी दुखू नये. ते तिच्याशिवाय कुणाला जमलंही नसतं. नर्सबाईनं आत बघितलं, पुन्हा बघितलं. “तेल कोमट करा,” ती म्हणाली. “पटकन.”

तेल घातलं, थांबल्या, चिमटा घातला. निघाली ती गोचीड. तुरीच्या दाण्याएवढी, रक्त पिऊन टम्म फुगलेली, पाय वळवळत असलेली. शेळीच्या अंगावरची. उशाला बांधलेल्या शेळीच्या अंगावरून पोरीच्या कानात गेलेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. ओवा झाला, हिंग झाला, संस्थेची चिठ्ठी झाली, आणि दुखणं बसलं होतं कानात.

रतननं एकदा तिचा जुना लांब सूर काढला, हळू आवाजात. मग गप्प झाली. डोळ्यांवर झापड आली आणि बघता बघता पोर झोपली, त्याच कानावर, आडवी, निवांत.

ठकुबाईचा जीव भांड्यात पडला आणि लगेच तिला रडू फुटलं. “म्याच बांधली हुती वो तिथं. नसा मोकळ्या हुतील म्हून. म्याच. आन् ती सांगत हुती मला, दोन दिस सांगत हुती, आन् म्या आणखी जवळ सरकवत हुते.”

“पण सांगितलं ना तिनं,” नर्सबाई म्हणाली. “आणि तुम्ही ऐकलंत. उशिरा का होईना. उद्या दवाखान्यात आणा, कानात घालायचं औषध देते. आणि शेळी बाहेरच्या पडवीत.” ठकुबाईनं मान हलवली. त्या दिवशी नर्सबाईनं ठकुबाईलाच पडवीत बांधायला सांगितलं असतं तरी ती गेली असती.

दुपार कलली तेव्हा बाजीराव आला. दारापर्यंत आला आणि थबकला. बारा-चौदा दिवस ज्या घरातून किंकाळी ऐकू यायची, ते घर गप्प होतं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“आक्का, पोर...”

“झोपलीया. आरं, झोपलीया.” ठकुबाईनं त्याचा दंड धरून त्याला खाली बसवलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं, स्वतःची चूकसुद्धा. कागदाच्या कपट्यात ठेवलेली गोचीड दाखवली. बाजीराव किती वेळ ती बघत बसला.

रतन जागी झाली ती फुलाबाई वावरातून आल्यावर. पोरीनं भाकरीवर मूठ मारली, दूध-भाकर खाल्ली. मग बाजीरावानं खाकरून घसा साफ केला. “आक्का, ती फळी मला दे.”

“हात वडू नगंस तिचा. आन् दहा मोज.”

बाजीराव लेकीपुढं मांडी घालून बसला. तिच्यापुढं असा तो कधी बसला नव्हता. बोलायचं काय, तर त्याला एकच गोष्ट सुचत होती. “रतन, उद्याच्याला पुण्याला...”

त्यानं मोजायला सुरुवातसुद्धा केली नव्हती. रतनची मूठ उठली आणि लाल यष्टीवर पडली.

यष्टी पोरीला फार आवडायची. बाजीरावानं वर बघितलं, म्हणजे तिलाच जायचंय की काय, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं. “थांब,” ठकुबाई म्हणाली. “दावली म्हंजी पायजेच आसं न्हवं. म्या दोन दिसांत शिकलीया ते. थांब आन् बघ.”

मूठ यष्टीवरून घसटत निघाली. वाटेत एकदा निसटली, पुन्हा आली. आणि शेळीच्या पायाशी, निम्म्या पुसलेल्या त्या रडक्या तोंडावर थांबली.

यष्टी. दुखतंय.

बाजीरावानं चिठ्ठी आणल्यापासून या घरात जे जे बोलणं झालं होतं, संस्था, ठेवून घेत्यात, फ्रॉकची पिशवी, ते सगळं पोरीच्या वाकळेपासून दोन हातांवर झालं होतं. तिनं ते सगळं ऐकलं होतं. कळलंही होतं. आणि सांगायला तिच्याकडं काही नव्हतं.

“सगळं ऐकलंस व्हय गं?” बाजीरावाचा आवाज फुटला. “बापाचं सगळं ऐकलंस?”

रतननं आढ्याकडं बघितलं.

बाजीराव उठला. खिशातली चिठ्ठी काढून त्यानं ठकुबाईच्या हातात दिली. “सरपण वलं हाय,” तो म्हणाला. “चूल पेटवायला घे.” आणि भिंतीकडं तोंड करून पागोट्याच्या शेवानं डोळे पुसत उभा राहिला. फुलाबाईनं पिशवीतले फ्रॉक काढून पुन्हा दांडीवर टाकले.

ठकुबाईनं रडकं तोंड पुन्हा नीट काढलं, या वेळी ठळक, पुसलं जाणार नाही असं. मग फळी बुद्धाच्या तसबिरीखालच्या खुंटीला टांगायला निघाली, तर रतनचा सूर आला. फळी पुन्हा पुढं धरली. मूठ शेळीवर.

पण आता ठकुबाई शिकली होती. फळी मांडीवर ठेवून तिनं पोरीच्या डोळ्यांत बघितलं. “शेळी. आजून दुखतंय?”

डोळे मिटले.

“मग काय गं? शेळीला हाकलू?”

आणखी गच्च मिटले.

“शेळी पायजे?” ठकुबाईनं विचारलं आणि मनातल्या मनात मोजू लागली. दोनलाच डोळे वर गेले, आणि त्या डोळ्यांत हसू होतं.

पडवीत शेळी ओलीचिंब उभी होती. ठकुबाई तिच्यापाशी बसली, कडेला राखेचं खापर घेतलं आणि कानामागून, मानेखालून, पोटाखालून एकेक गोचीड काढून राखेत टाकायला लागली. अंधार पडेपर्यंत ती काढतच होती. आतून बाजीरावाचा आवाज येत होता. तो मोठ्यानं दहापर्यंत मोजत होता.